सुटलेला कैदी माणसांत कसा येतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत, लष्करात, एक सुतार येऊन राहिला. तुरुंगात बारा वर्षे काढून आलेला. हात मोठा सुरेख. त्याने रंधा मारलेल्या फळीवरून बोट फिरवले तर कोठे खरखर लागत नसे. ही विद्या तो तुरुंगाच्या कारखान्यात शिकला होता, आणि शिकवणाऱ्याने ती मनापासून शिकवली असावी. आमच्या घरी दाराची चौकट बदलण्यास तो आला तेव्हा दार सताड उघडे होते. तरी हा उंबऱ्याबाहेर उभा. घरातून दोनदा "आइए ना, भैया" झाले, पण तो हलेना. शेवटी मी बाहेर गेलो तेव्हा त्याने विचारले, "अंदर आ जाऊँ, साब?" मी "आओ" म्हटल्यावर मग त्याचे पाऊल आत पडले. बारा वर्षांत एकही दार त्याने आपल्या मनाने ओलांडले नव्हते.

वर्षभरात त्याची गिऱ्हाइके तुटली. काम वाईट म्हणून नव्हे. गिऱ्हाईक म्हणे, खण नीट सरकत नाही, दीडशे रुपये कमी देईन. अशा वेळी कोणताही सुतार हसतो, कुरकुरतो, दोन गोष्टी ऐकवतो, दोन ऐकून घेतो, आणि शंभरावर तोड निघते. ह्याला ते जमेना. पहिल्यांदा तो मान खाली घालून मिळतील तेवढे पैसे घेऊन गेला. दुसऱ्यांदा हत्यारे तेथेच टाकून निघून गेला. तिसऱ्यांदा त्याने हात उचलला. पुढे चौकी, पंचनामा, आणि तो पुन्हा आत. गल्लीतले लोक म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मला मात्र वाटत राहिले की ह्या माणसाला लाकडाशी कसे वागावे हे सरकारने शिकवले, माणसाशी कसे वागावे हे बारा वर्षांत कोणी शिकवले नाही. उलट जे येत होते तेही विसरायला लावले.

सुटलेला कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो ह्याची कारणे विचारली की गरिबी, दारू, वाईट संगत ही नावे आपण पटकन घेतो. ती खोटी नाहीत. पण त्यांच्या अलीकडे एक साधी गोष्ट असते. नकार ऐकणे, अपमान गिळणे किंवा न गिळता योग्य शब्दांत परतवणे, उधार मागणे, चूक कबूल करणे, भांडण हातघाईवर येण्यापूर्वी मिटवणे ही रोजच्या व्यवहारातली कसबे आहेत. तुम्हीआम्ही ती घरात आणि बाजारात नकळत शिकतो, म्हणून ती शिकावी लागतात हेच आपल्या ध्यानात येत नाही.

बंद तुरुंगात ह्या कसबांचे काय होते ते पाहावे. उठणे घंटेवर, जेवणे घंटेवर, सकाळसंध्याकाळ गणती, अंधार पडण्यापूर्वी बराक बंद. काय करावे हे ठरवण्याचा प्रसंगच दिवसात येत नाही. भेटीला आलेल्या बायकोशी जाळीपलीकडून, शेजारी दहा जण ओरडत असताना, काही मिनिटे बोलायचे. त्यात फक्त वकिलाचे आणि पैशाचे बोलणे होते. तुरुंगात शहाणा ठरतो तो बोलत नाही तो. त्याच्याहून शहाणा, जो बलवानाची मर्जी राखतो. आणि सर्वांत सुखी तो, ज्याची इतरांना भीती वाटते. गप्प बसणे, लाळ घोटणे आणि धाक दाखवणे, हे तीन धडे घेऊन माणूस बाहेर येतो, आणि दुर्दैवाने ह्या तिन्हींपैकी एकानेही संसार चालत नाही की दुकान. घरी येतो तर बायकोने एवढी वर्षे एकटीने घर चालवलेले, मुलगा खांद्याला लागलेला, दोघांनाही ह्याच्या हुकमाची सवय राहिलेली नाही. हा मात्र ज्या दिवशी घरातून गेला त्याच दिवसाचा कर्ता पुरुष म्हणून परत आलेला असतो.

आपल्या तुरुंगांची घडी १८९४ च्या कायद्याने बसवली. पळून कोणी जाऊ नये आणि आत दंगा होऊ नये ही त्या कायद्याची मुख्य चिंता. केंद्रीय गृहखात्याने २०२३ साली नव्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांकडे धाडला, त्यात सुधारणा व पुनर्वसन हे शब्द ठळक आहेत. पण शब्दांना जागा तर हवी. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि सोय होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक लोकांवरचा आरोप अजून सिद्धच व्हायचा होता. शिक्षा झालेल्यांना निदान काम मिळते. कच्चा कैदी नुसता बसून असतो.

आता ग्वाल्हेरच्या वाचकाला चंबळ सोडून ह्या विषयावर बोलणे शक्य नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे संस्थानाच्या नोकरीत भिंड-मुरैन्याकडे राहून आलेले. डाकू हा शब्द आपण शहरात वापरतो. तिकडच्या खेड्यांत त्याला बागी म्हणतात, आणि ह्या दोन शब्दांत सारी कहाणी आली. बीहडात उतरणारा प्रत्येक जण काही लुटीच्या लोभाने उतरला नव्हता. शेताचा बांध, भाऊबंदकी, पटवाऱ्याने फिरवलेला कागद, ठाण्यात न ऐकलेली फिर्याद, मग एक खून, आणि मग परतीची वाट बंद, असा तो क्रम असे. सैन्यात नाव काढलेला, अडथळ्यांच्या शर्यतीत देशात पहिला आलेला पानसिंग तोमर जमिनीच्या तंट्यातूनच बागी झाला आणि १९८१ साली पोलिसांच्या गोळीने मेला. म्हणजे ज्यांना आपण अट्टल गुन्हेगार म्हणतो त्यांच्यापैकी कित्येकांच्या गुन्ह्याच्या मुळाशी एक न मिटलेले भांडण होते.

१९६० च्या मे महिन्यात विनोबा त्या मुलखात पायी हिंडले. गागोद्यात जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या ह्या मराठी माणसाला तेथे बोलावले ते मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग ह्याच्या पत्राने. तो तेव्हा नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. मेजर जनरल यदुनाथसिंग आधी बीहडात जाऊन लोकांशी बोलून आले, आणि मग वीस जणांनी विनोबांपुढे हत्यारे ठेवली. त्या वेळचे मध्य प्रदेशचे पोलिसप्रमुख रुस्तमजी ह्यांना हा प्रकार पसंत नव्हता, आणि त्यांनी तो राग लपवलाही नाही. जीव धोक्यात घालून लढणाऱ्या शिपायाला काय वाटेल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आजही ह्या विषयावर लिहिणाऱ्याने तो टाळू नये.

त्यानंतर १९७१ साली माधोसिंग वेष पालटून, ठेकेदार बनून, पाटण्यास जयप्रकाशांच्या घरी जाऊन थडकला. १४ एप्रिल १९७२ रोजी जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रे खाली ठेवली. पाठोपाठ शेकडो आले. ह्या घटनेचे वर्णन हृदयपरिवर्तन ह्या एका शब्दात करण्याची आपल्याकडे चाल आहे. मला तो शब्द फार गुळगुळीत वाटतो. प्रत्यक्षात महिनोन् महिने बोलणी चालली होती. फाशी होऊ नये, मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय, खटले कसे चालणार, अशा एकेका मुद्द्यावर ज्यांनी आयुष्यभर बंदुकीने उत्तर दिले ते लोक प्रथमच शब्दांनी भांडत होते. मागणे मागत होते, नकार ऐकत होते, पुन्हा मागत होते. सुधारणेची सुरुवात कोठे झाली असेल तर ती ह्या घासाघिशीत झाली.

पुढे १९७३ साली जुन्या ग्वाल्हेर राज्यातल्याच मुंगावलीस त्यांच्यासाठी खुला तुरुंग निघाला. मोहरसिंग शिक्षा भोगून सुटला, मेहगावच्या नगर पंचायतीचा अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि २०२० साली म्हातारपणी घरी वारला. ज्याच्या नावाने मुले घाबरवली जात त्याने मते मागत दारोदार फिरावे ही गोष्ट लहान नाही. मात्र ह्यावरून चंबळ शांत झाले असे कोणी समजू नये. मलखानसिंग १९८२ साली शरण आला, फुलनदेवी १९८३ साली भिंडला. म्हणजे मधल्या दहा वर्षांत नव्या टोळ्या उभ्या राहिल्याच होत्या. बांध तेच होते, पटवारी तेच होते, बंदुका त्याच होत्या. शरण आलेली माणसे बदलली तरी ज्या गावात त्यांनी परतायचे तो गाव भांडण मिटवायला शिकला नव्हता. शिवाय ज्यांच्या घरची माणसे मारली गेली त्यांच्याकडे ह्या सोहळ्यांत फारसे कोणी पाहिले नाही. हाराफुलांच्या बातम्या वाचून त्या घरांत काय वाटले असेल ह्याची कल्पना करवत नाही.

चंबळची गोष्ट मोठी आणि गाजलेली. तिच्याआधी तेहेतीस वर्षे दुसऱ्या एका संस्थानात, अगदी लहान प्रमाणावर आणि कोणाच्या डोळ्यांत न भरता, एक प्रयोग सुरू झाला होता. माझ्या मते ह्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. औंध संस्थान ते केवढे! पण चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली राज्याची सूत्रे लोकांच्या हाती देणारी घटना जाहीर केली, आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत निघाली. कल्पना होती मॉरिस फ्रीडमन ह्या पोलंडहून आलेल्या इंजिनियराची. हा गृहस्थ गांधींच्या सहवासात भारतानंद झाला आणि औंधच्या लोकराज्याच्या घटनेतही त्याचा हात होता. युवराज अप्पासाहेब पंत त्याच्या पाठीशी उभे राहिले. जन्मठेपेचे, खुनाच्या गुन्ह्यातले कैदी निवडून त्यांना माळावर आणले. भिंत नाही, साखळदंड नाही. राहायला घर, कसायला जमीन, आणि मुख्य म्हणजे बायकामुले जवळ.

ह्याच प्रयोगावरून आटपाडीकडच्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर ह्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनपर्यंत त्याचे कौतुक झाले. आमच्या पिढीने तो आईबापांच्या मांडीवर बसून पाहिला. जेलरच्या दोन डोळ्यांची जरब अजून आठवते. पण चित्रपटाने प्रयोगाचे एक अंग मोठे केले आणि दुसरे लहान. पडद्यावर कैद्यांना सुधारते ती मुख्यतः त्या भल्या जेलरची नजर. स्वतंत्रपुरात नजरेपेक्षा मोठे काम होते संसाराचे. ज्याला बायको 'मीठ संपलंय' म्हणून सांगते, ज्याचे पोर तापाने फणफणते, ज्याला खांद्याला खांदा लावून राहणाऱ्या दुसऱ्या खुन्याशी पाण्याच्या पाळीवरून तडजोड करावी लागते, त्याला रोज पंचवीस वेळा बोलावे, ऐकावे, थांबावे लागते. हीच ती शाळा. तिला वर्ग नाही की फळा नाही. आणि तरीही चित्रपटातला एक प्रसंग प्रयोगाच्या गाभ्याला हात घालतो, तो बाजाराचा. कैदी भाजी स्वस्त विकतात म्हणून व्यापारी गुंड घालून त्यांना बदडतात, आणि ज्या हातांनी खून केले ते हात उचलले जात नाहीत, कारण शब्द दिलेला असतो. आमच्या सुताराला नेमके हेच जमले नाही.

येथे एका उलट्या उदाहरणाची आठवण ठेवली पाहिजे, नाहीतर वसाहत ह्या शब्दाने फसायला होईल. गुन्हेगार जमाती कायद्याने सोलापुरास तारांच्या कुंपणात अख्खी कुटुंबेच्या कुटुंबे कोंडली होती. तेथेही बायकामुले जवळच होती! पण त्यांनी गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून, आणि हजेरी लावल्यावाचून हलायची मुभा नाही. तो कायदा १९५२ साली गेला. स्वतंत्रपुरात विश्वास टाकला जात होता आणि सेटलमेंटमध्ये संशय. कुंपणापेक्षा हा फरक मोठा.

पाश्चात्त्य देशांनी ह्या प्रश्नाकडे शास्त्राच्या बाजूने पाहिले. अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन ह्याने १९७४ साली अनेक सुधारणा-योजनांचे निकाल तपासून असा लेख लिहिला की त्याचा अर्थ 'कशाचाच उपयोग होत नाही' असा झाला. पाच वर्षांनी त्याने आपले मत बरेच मागे घेतले, पण पहिला लेख लोकांच्या लक्षात राहिला आणि दुसरा नाही. कोठडीवर खर्च न करण्याचे निमित्त कोणाला नको असते? पुढे कॅनडात रॉस आणि फॅबियानो ह्यांनी असा विचार मांडला की पुष्कळ गुन्हेगारांत उणीव असते ती थांबून विचार करण्याची, दुसऱ्याच्या जागी आपल्याला ठेवून पाहण्याची, एकाऐवजी दोन वाटा सुचण्याची. त्यांनी दोन-दोन तासांच्या पस्तीस-छत्तीस बैठकांचा अभ्यासक्रमच बांधला आणि तो अनेक देशांत गेला. त्यात लुटुपुटूच्या भांडणांचे प्रयोग करतात: एक जण मालक, एक नोकर, आणि पगार कापल्यावर काय बोलायचे. आपल्या तिहारमध्ये १९९४ साली हजाराहून अधिक कैद्यांनी एकदम विपश्यनेचे शिबिर केले. राग उठताना ओळखणे हा त्यातला लाभ. तोही कमी नव्हे, पण राग ओळखल्यावर समोरच्याशी बोलायचे काय, हे राहतेच.

ह्या वर्गांचा उपयोग काही ठिकाणी दिसला, काही ठिकाणी नाही. इंग्लंडात लैंगिक गुन्हेगारांसाठी तुरुंगात वर्षानुवर्षे चाललेल्या एका अभ्यासक्रमाची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. वर्ग केलेल्यांपैकी शेकडा दहा जणांनी पुन्हा तसा गुन्हा केला, वर्ग न केलेल्या तशाच कैद्यांपैकी शेकडा आठ जणांनी. फरक थोडा, पण उलट्या दिशेचा. तो अभ्यासक्रम बंद झाला. मला ह्यात नवल वाटत नाही. पोहणे कोरड्या जमिनीवर शिकवता येते, पण फार तर हात कसे मारायचे तेवढे. संध्याकाळी बैठक संपवून माणूस ज्या बराकीत परततो तेथे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारा दुबळा गणला जातो.

उलट जयपूरजवळ सांगानेरचा खुला बंदी शिबिर पाहा. १९६३ पासून तो चालू आहे, आणि संपूर्णानंदांचे नाव त्याला दिले आहे. बंद तुरुंगात शिक्षेची बरीच वर्षे नीट काढलेले कैदी तेथे बायकामुलांसह राहतात, सकाळी शहरात कामाला जातात, स्वतः कमावतात, आपले घर स्वतः चालवतात आणि संध्याकाळच्या हजेरीला परत येतात. आपसांतले तंटे पाहण्यास कैद्यांचीच पंचायत. सुमारे चारशे कैद्यांना पहारेकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०२४ साली त्या शिबिराच्या जमिनीचा एक तुकडा रुग्णालयासाठी द्यायचे ठरले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रुग्णालय नको असे कोण म्हणेल? पण ही जागा पडीक नव्हती. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने तुरुंगांतील गर्दीवर खुले तुरुंग हा एक उपाय म्हणून सुचवला होता. एका हाताने वाढवायचे आणि दुसऱ्याने कापायचे असा हा प्रकार.

आक्षेप एक आहे आणि तो खरा आहे. खुल्या तुरुंगात पाठवतात ते निवडलेले कैदी. ते मुळातच शांत, वयाने पोक्त, परत गुन्हा करण्याचा संभव कमी. मग त्यांतले थोडे परत येतात ह्याचे श्रेय खुल्या तुरुंगाला कसे द्यावे? देऊ नये, निदान सगळे देऊ नये. स्वतंत्रपुराची सोय अठ्ठावीस जणांची आहे. अठ्ठावीस जणांवरून देशाचे धोरण ठरत नाही. पण ह्या आक्षेपाचा रोख दोन्हीकडे वळतो. निवडलेल्यांना ही शाळा मिळते आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, तो पंचविशीतला, दोन वर्षांची शिक्षा घेऊन आलेला भांडखोर पोरगा, तिच्या दारापर्यंत पोचतच नाही. त्याची मुदत भरते, आणि तो थेट बराकीतून रस्त्यावर येतो. स्त्रियांना तर कित्येक राज्यांत खुल्या तुरुंगाचे दार अलीकडेपर्यंत बंदच होते. कारण काय, तर सोय नाही. वास्तविक नवरा, सासर, माहेर अशा तिन्ही ठिकाणी नव्याने बोलणी करून जागा मिळवायची असते ती तिला.

मधल्या पायऱ्या करता येण्यासारख्या आहेत, आणि त्यांना फार पैसा लागत नाही. महाराष्ट्रात कैद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. तिच्याकडे मेहरबानी म्हणून पाहण्याऐवजी धडा म्हणून पाहिले तर रजेवरून परतल्यावर त्याला कोणीतरी विचारील: घरी काय झाले, कोणाशी बिनसले, तू काय म्हणालास? आज विचारतात ते एवढेच की वेळेवर आलास का. सुटकेपूर्वीचे शेवटचे सहा महिने तरी दार स्वतः उघडायचे, पैसे स्वतः मोजायचे, बाजारहाट स्वतः करायची, असे ठेवता येईल. भेटीची जाळी काढून एका बाकावर नवराबायकोला तासभर बसू देता येईल. औंधासारख्या टीचभर संस्थानाला जे १९३९ साली सुचले आणि परवडले ते आजच्या राज्यांना परवडणार नाही असे म्हणणे कठीण आहे.

राहता राहिलो आपण. आपली जुनी घरे मोठी, माळ्यांवर सामान मोठे, दारेखिडक्या सागवानी आणि वर्षातून दोनदा सुताराची गरज असलेल्या. आमच्या गल्लीतला तो सुतार परत आत गेला त्या दीडशे रुपयांच्या भांडणात समोर गिऱ्हाईक होते ते आपल्यापैकीच एक, शिकलेसवरलेले. खण खरोखरच नीट सरकत नव्हता की नाही हे पाहायला मी नंतर गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस, लाकूड फुगले होते. दिवाळीनंतर तो खण एका बोटाने सरकू लागला.